छोट्या पडद्याची लांब वाट

वळसंग (जि. सोलापूर) : सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर वळसंग लागते. दक्षिण सोलापूर तालुक्यातील या परिसरात मराठीबरोबर कन्नडही सहज कानावर पडते. महाराष्ट्रातील इतर कोणत्याही गावाप्रमाणे येथेही संध्याकाळी सात वाजले की घराघरांतून मालिकांची शीर्षकगीते ऐकू येऊ लागतात. पडद्यावरचा नायक पंचविशीतला असतो आणि समोर बसून त्याला पाहणारा घरातला मुलगाही जवळपास त्याच वयाचा. 'याला जमले, मग मला का नाही?' हा प्रश्न अशा घरात केव्हा तरी उमटतोच. तो ऐकून घरची मंडळी एक तर हसतात, नाही तर धास्तावतात.

प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गेल्या पंचवीस वर्षांत मराठी वाहिन्यांवर गाजलेल्या तरुण कलावंतांचे पूर्वायुष्य पाहिले, तर 'एका रात्रीत मिळालेली प्रसिद्धी' ही कल्पना बहुतेकांच्या बाबतीत खोटी ठरते. प्रेक्षकांना ठाऊक झालेली मालिका ही अनेकदा त्यांची दुसरी किंवा तिसरी असते. तिच्यामागे एकांकिका, हौशी नाटके, लहानसहान भूमिका आणि बरेचसे नकार असतात. वळसंगसारख्या गावातून निघणाऱ्या मुलाला या वाटेचा नकाशा आधी समजला, तर त्याचा निर्णय अधिक शहाणपणाचा होऊ शकेल.

एका वाहिनीपासून अनेकांपर्यंत

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी छोट्या पडद्यावर दिसणारे बहुतेक कलावंत रंगभूमीवरून आलेले असत. आठवड्यातून एकदा प्रसारित होणाऱ्या मालिकेवर कोणाचे घर चालत नसे. नोकरी आणि नाटक सांभाळून चित्रीकरणाला जाण्याचा तो जमाना होता. 'चिमणराव-गुंड्याभाऊ'मधून दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे घराघरांत पोहोचले, ते याच काळात.

चित्र पालटले ते खासगी वाहिन्यांमुळे. १९९९ मध्ये 'अल्फा मराठी' (आताची 'झी मराठी') सुरू झाली, २००० मध्ये 'ई टीव्ही मराठी' (आताची 'कलर्स मराठी') आली आणि २००८ मध्ये 'स्टार प्रवाह'. रोज प्रसारित होणाऱ्या मालिकांचे युग अवतरले. २००१ मध्ये सुरू झालेली 'चार दिवस सासूचे' २०१३ पर्यंत चालली आणि तिने तीन हजारांहून अधिक भागांचा पल्ला गाठला. रोजच्या मालिकेला रोज कलावंत लागतात. नायक-नायिकेबरोबर दीर, नणंद, मित्र, शेजारी, कार्यालयातील सहकारी अशा कितीतरी भूमिका निर्माण झाल्या आणि अभिनय हा पूर्णवेळ व्यवसाय होऊ शकतो, असे तरुणांना प्रथमच वाटू लागले.

चार परिचित वाटा

पहिली वाट महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांची. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने १९६३ मध्ये सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेने अनेक पिढ्या घडविल्या. २०१५ मध्ये आलेल्या 'दिल दोस्ती दुनियादारी' या मालिकेतील अमेय वाघ याच वातावरणातून पुढे आला. स्पर्धेत पारितोषिक मिळो वा न मिळो, महिना-दीड महिन्याच्या तालमीत पाठांतर, आवाज, सहकलाकाराचे ऐकणे आणि वेळेची शिस्त अंगी बाणते.

दुसरी वाट शिक्षणसंस्थांची. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची नाट्यशास्त्र अकादमी आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातील नाट्यशास्त्र विभाग ही त्यातील प्रमुख नावे. त्याच 'दिल दोस्ती'तील सुव्रत जोशी राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून आलेला. मुक्ता बर्वे ललित कला केंद्राची विद्यार्थिनी. पंढरपूरला जन्मलेली आणि पुण्यात वाढलेली प्राजक्ता माळी हिने याच केंद्रात भरतनाट्यमचे शिक्षण घेतले. २०१३ मध्ये 'जुळून येती रेशीमगाठी'ने तिला ओळख दिली, तेव्हा नृत्याची अनेक वर्षांची साधना तिच्या पाठीशी होती. तिचा सहनायक ललित प्रभाकर कल्याणच्या हौशी नाट्यवर्तुळात घडला होता.

तिसरी वाट घराण्याची. 'दिल दोस्ती'तीलच सखी गोखले ही मोहन गोखले आणि शुभांगी गोखले यांची कन्या, तर स्वानंदी टिकेकर ही अभिनेते उदय टिकेकर आणि गायिका आरती अंकलीकर यांची. घरात कला असली की प्रवेश सोपा होतो, हे खरे. मात्र रोजच्या मालिकेत कॅमेरा दररोज परीक्षा घेतो आणि तेथे आडनाव फार काळ पुरत नाही.

चौथी वाट स्पर्धात्मक कार्यक्रमांची. डॉ. नीलेश साबळे 'महाराष्ट्राचा सुपरस्टार'मधून पुढे आला आणि २०१४ पासून 'चला हवा येऊ द्या'चा चेहरा बनला. विनोदी कार्यक्रमांनी मुंबई-पुण्याबाहेरच्या मुलांना विशेष हात दिला. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'तील ओंकार भोजने चिपळूणचा. सोलापूरचे प्रा. दीपक देशपांडे 'हास्यसम्राट' या कार्यक्रमामुळे राज्यभर पोहोचले.

एक बाब येथे नोंदविण्याजोगी आहे. यातील अनेकांनी शिक्षण अर्धवट सोडलेले नाही. 'राजा शिवछत्रपती'मध्ये शिवरायांची भूमिका साकारणारे नारायणगावचे डॉ. अमोल कोल्हे हे वैद्यकीय पदवीधर. 'होणार सून मी ह्या घरची'मधील शशांक केतकर परदेशात अभियांत्रिकीशी संबंधित उच्च शिक्षण घेऊन परतलेला. त्याच मालिकेतील तेजश्री प्रधानने त्यापूर्वी 'लेक लाडकी ह्या घरची'सारख्या मालिकांतून काम केले होते. जान्हवीने तिला घरोघरी नेले, पण कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याचा सराव आधीच झालेला होता.

सोलापूरचे ऋण

वळसंगपासून मुंबई दूर असली, तरी सोलापूरचा रंगमंच जवळ आहे. डॉ. जब्बार पटेल यांची जडणघडण सोलापुरात झाली. 'कट्यार काळजात घुसली'तील झरीना अजरामर करणाऱ्या फैय्याज सोलापूरच्याच. अतुल कुलकर्णी यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण सोडल्यानंतर सोलापूरच्या 'नाट्य आराधना' या हौशी संस्थेत काही वर्षे काम केले आणि त्यानंतर राष्ट्रीय नाट्य विद्यालय गाठले. १९९५ मध्ये ते तेथून पदविका घेऊन बाहेर पडले. पुढे 'हे राम' आणि 'चांदनी बार' या चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. अभिनयाची पहिली काही वर्षे गावाजवळच्या हौशी संस्थेत काढणे कमीपणाचे नसते, हे या उदाहरणावरून दिसते.

आजही हुतात्मा स्मृती मंदिरात राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने हौशी संघ उतरतात. शंभराव्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाचा सोहळाही जानेवारी २०२४ मध्ये सोलापुरात झाला. उणीव आहे ती गाव आणि शहर यांमधील दुव्याची. नाटकाची तालीम रात्री दहाला संपते आणि गावाकडे जाणारी शेवटची एस. टी. त्याआधी निघून गेलेली असते. मुलींच्या बाबतीत ही अडचण दुप्पट होते. स्नेहसंमेलनात टाळ्या घेणाऱ्या कितीतरी मुलींचा अभिनय दहावीनंतर येथेच थांबतो.

गावाची बोली पडद्यावर

ग्रामीण कलावंतांसमोर दीर्घकाळ भाषेची भिंत होती. मालिकांतील कुटुंबे बहुधा मुंबई-पुण्याची असत आणि त्यांची मराठीही तशीच. गावाकडचा हेल असलेल्या मुलाला नोकर, शिपाई किंवा विनोदी पाहुणा एवढेच वाट्याला येई.

२०१६ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी 'रात्रीस खेळ चाले' सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित होऊ लागली, 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूरच्या मातीत उतरली आणि मोठ्या पडद्यावर 'सैराट'ने सोलापूर जिल्ह्याची बोली राज्यभर नेली. अकलूजची रिंकू राजगुरू तेव्हा शाळकरी मुलगी होती आणि आकाश ठोसर करमाळा तालुक्यातील जेऊरचा. दुसऱ्याच वर्षी 'लागिरं झालं जी' साताऱ्यात रंगली. तिचे लेखक तेजपाल वाघ वाईचे आणि नायक नितीश चव्हाण सातारा जिल्ह्यातलाच.

तरीही हुरळून जाण्याचे कारण नाही. गावात चित्रीकरण होते म्हणजे मुख्य भूमिका गावच्या मुलाला मिळते, असे नव्हे. 'तुझ्यात जीव रंगला'तील राणा आणि अंजली साकारणारे हार्दिक जोशी व अक्षया देवधर हे मुंबई-पुण्याकडचे. स्थानिक कलावंतांच्या वाट्याला प्रामुख्याने साहाय्यक भूमिका येतात. पण त्यातूनच कॅमेऱ्याची ओळख होते आणि पुढची दारे उघडतात. 'लागिरं'मध्ये भैय्यासाहेबाची भूमिका करणारा किरण गायकवाड २०२० मध्ये 'देवमाणूस'चा नायक झाला, हे त्याचे बोलके उदाहरण. सोलापूरच्या 'काय बे' या हाकेची नायकाच्या तोंडी रुळलेली मालिका मात्र प्रेक्षकांच्या नजरेत भरलेली नाही.

निवड आणि मानधन

निवडीची पद्धत आता मोबाईलवर आली आहे. छायाचित्रे आणि एक-दोन मिनिटांची ध्वनिचित्रफीत पाठवायची, पसंत पडल्यास प्रत्यक्ष चाचणी, मग वेशभूषेसह 'लूक टेस्ट' आणि अखेर वाहिनीची मान्यता. यातील कोणत्याही टप्प्यावर निर्णय फिरू शकतो. चाचणीसाठी, नोंदणीसाठी किंवा 'भूमिका पक्की करण्यासाठी' पैसे मागितले गेले, तर तेथेच थांबावे. काम देणारी निर्मिती संस्था कलावंताला पैसे देते, त्याच्याकडून घेत नाही.

मानधन साधारणतः दिवसावर ठरते आणि बहुतेक ठिकाणी ते सुमारे तीन महिन्यांनी हाती पडते. म्हणजे पहिले काम मिळाल्यानंतरही तीन महिने मुंबईत घरभाडे, जेवण आणि प्रवास पदरचा. कथानकाने वळण घेतले की भूमिका संपते. दर गुरुवारी येणारे प्रेक्षकसंख्येचे आकडे घसरले, तर मालिकाच गुंडाळली जाते. मार्च २०२० मध्ये करोनामुळे चित्रीकरण थांबले, तेव्हा रोजंदारीच्या या जगाची अस्थिरता साऱ्यांनाच दिसली. २०२१ च्या टाळेबंदीत काही मालिका गोव्यासह अन्य राज्यांत गेल्या. ज्यांची भूमिका लहान, त्यांना अनेकदा सोबत नेले गेले नाही.

सोलापूरहून रात्री निघणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी मुंबईत पोहोचते. तिकीट काढणे अवघड नाही. पदवी हाती असणे, एखाद-दोन नाटकांच्या तालमी सोलापुरात झालेल्या असणे, प्रमाण मराठी अवगत असतानाच आपली बोली शाबूत असणे आणि किमान सहा महिन्यांच्या खर्चाची तरतूद असणे, एवढी शिदोरी सोबत असेल, तर अपयश आले तरी मुलगा किंवा मुलगी मोडून पडत नाही. घरच्यांनी 'जाऊ नको' म्हणण्याऐवजी 'आधी सोलापूरच्या तालमीला जा, रात्री न्यायला मी येतो' असे म्हटले, तर वळसंगच्या मुलांसाठी ती सर्वांत मोठी मदत ठरेल.