'स्वमग्न' आहे, म्हणून एकटं राहायला आवडतं?

ऑटिझमवर संशोधन करायचं म्हणून बरेच जण 'स्वमग्न मुलांच्या सामाजिक अडचणी' असा विषय आणतात. त्यातल्या 'स्वमग्न' शब्दापाशीच जरा थांबा. हा मुलगा स्वतःतच रमलेला, त्याला माणसं नकोत, असं तो शब्द आधीच सांगून टाकतो. मग एकटं वाटतं का, हे त्याला विचारणार कोण?

आपल्याकडे ऑटिझमच्या प्रमाणपत्रासाठी 'आयएसएए' ही मापनी वापरतात. ४० विधानं, ७० किंवा जास्त गुण आले की ऑटिझम. एकट्यानं खेळणं तिथे लक्षण म्हणून मोजतात, तेही पालकांना विचारून आणि निरीक्षणातून. निदानासाठी ते ठीकच. पण तेच गुण एकटेपणाचं माप म्हणून वापरले, की सगळा अभ्यास फसतो.

२००० साली बाउमिंगर आणि कसारी यांनी ऑटिझम असलेल्या मुलांनाच विचारलं. त्यांनी इतर मुलांपेक्षा जास्त एकटेपणा सांगितला! चिंतेचंही तसंच. २०११ साली ३१ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा ऑटिझम असलेल्या सुमारे ४० टक्के मुलांत कुठला ना कुठला चिंताविकार आढळला. चिंतेपोटी लग्नघरातून उठून गेलेला मुलगा बाहेरून 'एकलकोंडा'च दिसतो. शिवाय अडचण एकट्या त्याची नसते, समोरच्यालाही तो कळत नाही, असं डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं. तेव्हा समोरच्यांचाही अभ्यास करा.

आता समजा, तुम्ही विट्यात मुलाखती घेताय. घरात माणसं भरपूर, त्यामुळे 'आसपास किती जण असतात' या प्रश्नातून काही हाती लागणार नाही. शिवाय इथली कितीतरी पोरं गलाईच्या धंद्यासाठी परराज्यात जातात. ज्याला मित्रच एक, त्याचा तोच गेला तर? हे कुठल्याही तयार प्रश्नावलीत सापडायचं नाही.

भाषांतरही जपून करा. 'एकटा असतोस का?' आणि 'एकटं वाटतं का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. 'करमत नाही' हा शब्द जवळचा, पण त्यात कंटाळाही येतो. भावनेबद्दल मोघम विचारलं तर उत्तर अडतं. 'गेल्या आठवड्यात कुणाशी बोलावंसं वाटलं आणि बोलता आलं नाही, असं झालं का? तेव्हा कुठे होतास?' असं विचारून बघा. बोलायचं नसेल तर लिहून देऊ द्या. आणि त्याला चालणार असेल तर आईला थोडा वेळ दुसऱ्या खोलीत बसायला सांगा, नाहीतर उत्तरं तीच देईल.