मॉनिटरला आधी विचारा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या पाटणकर बाजारात लग्नपत्रिका जुळवणारं एखादं डीटीपीचं दुकान डोळ्यांपुढे आणा. सेकंडहँड मॉनिटर, स्वस्तातली व्हीजीए केबल आणि जुन्या संगणकावर नव्यानं टाकलेलं लिनक्स. पडदा उजळतो तेव्हा पत्रिकेवरचा गणपती आडवा फुगलेला आणि अक्षरं पुसट. दोष मॉनिटरच्या माथी मारला जातो. बहुधा घडलेलं असतं ते असं: पडद्यावर ठिपके १९२० बाय १०८० आणि ग्राफिक्स ड्रायव्हरनं परस्पर निवडलेला मोड मात्र १०२४ बाय ७६८. चित्र रुंदीत १.८८ पट आणि उंचीत १.४१ पट ताणलं जातं, म्हणजे प्रत्येक अक्षर एक तृतीयांशानं रुंद होतं. एका ठिपक्याइतकी जाड शिरोरेषा पूर्ण ओळीत बसत नाही, ती शेजारच्या ओळीत राखाडी होऊन उतरते. सेटिंग उघडून हे बदलणारे थोडेच. त्यामुळे आपोआप निवडलेला मोड हाच बहुतेकांचा कायमचा मोड ठरतो, आणि म्हणूनच तो कशाच्या आधारावर निवडायचा हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

काचेच्या नळीच्या जुन्या मॉनिटरला ठिपक्यांची ठरीव संख्या नसायची. वेगवेगळे मोड तो सारख्याच सहजतेनं दाखवी. धोका होता तो वारंवारितेचा. झेपणार नाही असा सिग्नल दिला तर काही जुने मॉनिटर बिघडू शकत. म्हणून १९८७च्या व्हीजीएमधला ६४० बाय ४८०सारखा कुठेही चालणारा मोड धरून राहणं शहाणपणाचं होतं. सपाट एलसीडी पडद्यानं हे गणित बदललं. त्याचे ठिपके कारखान्यातच ठरतात, आणि तेवढ्याच ठिपक्यांच्या मोडमध्ये तो स्पष्ट दिसतो. तो मोड कोणता, हे मॉनिटर स्वतः सांगतो. १९९४ साली व्हेसा या संस्थेनं ठरवलेल्या ईडीआयडी पद्धतीत मॉनिटरच्या पोटात १२८ बाइटची माहिती असते. पसंतीचा मोड त्यात चौपन्न बाइट सोडून लगेच सापडतो. ग्राफिक्स कार्डाला झेपणारा सर्वांत मोठा मोड किंवा सर्वांत सुरक्षित मोड न घेता हा पसंतीचा मोड घ्यावा, हेच सयुक्तिक.

मॉनिटर खोटं बोलला तर, अशी शंका कोणी काढेल. ती रास्त आहे. १३६६ बाय ७६८ या सर्रास दिसणाऱ्या मापाचंच पाहा. ईडीआयडीतल्या मोडच्या संक्षिप्त नोंदीत रुंदी आठाच्या पटीतच लिहिता येते. १३६६ त्यात बसत नाही, म्हणून काही पडदे १३६० बाय ७६५ असं सांगतात. लिनक्सच्या कर्नलमध्ये ही नोंद ओळखून १३६६ बाय ७६८ करणाऱ्या ओळी आहेत, शिवाय चुकीची माहिती देणाऱ्या मॉनिटरांची यादीही आहे. ठरावीक चुका अशा दुरुस्त करता येतात. त्यासाठी मॉनिटरला विचारणंच सोडून द्यायचं कारण नाही. दुसरा आक्षेप ज्येष्ठांचा: मोठ्या मोडमध्ये अक्षरं बारीक होतात. पण त्यावर उपाय अक्षरांचा आकार वाढवणं हा आहे. मोड उतरवला तर अक्षर मोठं होतं आणि धूसरही.

खरी अडचण मॉनिटरचं उत्तरच पोचत नाही तेव्हा येते. व्हीजीए केबलच्या पंधरा पिनांपैकी बारावी आणि पंधरावी ही माहिती वाहून नेतात. स्वस्त केबलमध्ये त्या कधीकधी जोडलेल्याच नसतात. चित्र येतं, माहिती येत नाही. अशा वेळी लिनक्स १०२४ बाय ७६८पर्यंतचेच मोड देऊ करतं. ही सावधगिरी चुकीची नाही, कारण न झेपणाऱ्या मोडनं पडदा काळा झाला तर सेटिंग बदलायलाही काही दिसणार नाही. चूक आहे ती न सांगण्यात. मॉनिटरकडून माहिती मिळाली नाही, केबल तपासा, एवढी एक ओळ पडद्यावर आली, तर दुकानदार नव्या मॉनिटरच्या शोधात न निघता आधी केबल बदलून पाहील.