ग्लॅडिओलसच्या कंदांची जोपासना

फुलशेतीकडे वळणाऱ्या बागाइतदारांपैकीं पुष्कळांस ग्लॅडिओलसचें पीक मोह घालतें. परंतु त्यांतील मोठा खर्च बियाण्याचा, म्हणजे कंदांचा, असतो. दरसाल नवे कंद विकत घेणाऱ्याच्या पदरीं नफा थोडाच राहतो. यास्तव स्वतःचे कंद कसे राखावे, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

हें झाड केशराच्या कुळांतील. लाविलेला कंद हंगामाअखेर सुकून जातो व त्याच्या माथ्यावर नवा कंद धरतो. त्याच कुळांतील क्रोकॉस्मियाचे जुने कंद जमिनींत माळेसारखे टिकून राहतात. ग्लॅडिओलसमध्यें तसें होत नाहीं. अर्थात् पुढील सालचें बियाणें चालू सालच्या पानांनींच पोसावयाचें असतें.

जमीन निचऱ्याची असावी व तींत कुजलेलें शेणखत भरपूर घालावें. आपल्या पठारी भागांत पावसाळा सरतां सप्टेंबर ते नोव्हेंबरपर्यंत लागण करावी. सुमारें २ इंच व्यासाचे निरोगी कंद १ फूट अंतराच्या ओळींत, ६ इंचांवर, २ ते ३ इंच खोल लावावे. झाडास २-३ पानें आलीं म्हणजे फुलदांडा आंतल्या आंत घडूं लागतो. त्या वेळीं पाण्याची ओढ बसूं देऊं नये. पुढें मातीची भर द्यावी, म्हणजे झाडें कोलमडत नाहींत.

खालच्या एकदोन कळ्यांनीं रंग दाखवितांच दांडा कापावा. व्यापाऱ्यास लांब दांडा हवा असतो, म्हणून कित्येक जण तो जमिनीलगत कापतात व त्याबरोबर पानेंही जातात. अशा झाडाखालीं नवा कंद बारीकच राहतो. झाडावर निदान ४ पानें राखलींच पाहिजेत. कापलेले दांडे उभेच ठेवावे; आडवे ठेविल्यास त्यांचे शेंडे वर वांकतात.

फुलें निघाल्यावर पीक संपलें असें समजून पाणी तोडूं नये. आणखी महिना-दीड महिना बेताचें पाणी द्यावें. पानें पिवळीं पडूं लागलीं म्हणजे, कापणीनंतर ६ ते ८ आठवड्यांनीं, कंद इजा न करितां काढावे व सावलींत वाळवावे. जुना सुकलेला कंद वेगळा करावा. तपकिरी खोलगट डाग असलेले कंद मर रोगाचे समजून जाळून टाकावे. बाकीचे शिफारशीच्या बुरशीनाशकांत अर्धा तास बुडवून पुन्हा वाळवावे. ज्या वाफ्यांत मर दिसली, तेथें कांहीं वर्षें हें पीक घेऊं नये.

ताज्या कंदास सुमारें ३ महिने सुप्तावस्था असते. तितका काळ ते शीतगृहांत ४ ते ७ अंश सेंटिग्रेड तपमानांत ठेविल्यास पुढें एकसारखे उगवतात. नव्या कंदाभोंवतीं धरलेल्या बारीक कंदिकाही टाकूं नयेत. त्या वेगळ्या वाफ्यांत दोन हंगाम वाढविल्या म्हणजे बहुधा फुलावयाजोग्या होतात.

पहिल्या वर्षीं थोड्या गुंठ्यांवरच लागण करून कंद वाढवावे, व स्वतःचें बियाणें हातीं आल्यावरच क्षेत्र वाढवावें, अशी आमची सूचना आहे.