पूर्णाकाठचा रंग, १:८७ प्रमाणात

जलंब ते खामगाव हे अंतर जेमतेम १३ किलोमीटर. खामगावच्या कापूस बाजारासाठी ही रेल्वेशाखा १८७० साली सुरू झाली आणि तिच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. मॉडेल रेल्वेच्या छंदातल्या 'एचओ' मापात, म्हणजे १:८७ प्रमाणात, हा सगळा मार्ग दीडशे मीटरांत बसतो. फलाट, डबे, कापसाच्या गाठी हिशेबाने लहान करता येतात. रंगाला हा हिशेब लागू पडत नाही.

खऱ्या इंजिनाचा काळा रंग वीतभर मॉडेलवर तसाच फासला, तर तपशील त्यात बुडून जातो. खरं इंजिन आपण लांबून पाहतो. मधली हवा, धूळ आणि ऊन त्याचा काळेपणा उतरवतात. म्हणून जाणते मॉडेलकार काळ्यात करडा आणि थोडा तपकिरी मिसळतात. मॉडेल ज्या दिव्याखाली मांडायचं, त्याच उजेडात रंग जुळवतात, कारण पिवळ्या बल्बखाली जमलेली छटा पांढऱ्या एलईडीखाली परकी वाटते.

यापुढचं काम मळवण्याचं, आणि ते करताना मुलूख ओळखावा लागतो. 'डब्ल्यूजी' जातीची काळी वाफेची इंजिनं १९५० ते १९७० या काळात सुमारे २,४५० बनली. त्यांतल्याच, चित्तरंजन कारखान्याच्या शेवटच्या ब्रॉडगेज वाफेच्या इंजिनाचं नाव 'अंतिम सितारा'. असं इंजिन शेगाव-नांदुऱ्याच्या देखाव्यात उभं करायचं, तर पूर्णा नदीच्या खारपाण पट्ट्याचा विचार हवाच. क्षारयुक्त पाणी बॉयलरमध्ये थर धरतं आणि गळतीच्या जागी सुकून पांढरट ओघळ सोडतं. ते ओघळ पातळ रंगाने, वरून खालीच ओढायचे. बिडाच्या ब्रेकची झीज चाकांवर गंजाचा तपकिरी थर देते. त्यावर काळ्या रेगडीची करडी धूळ. घरची माती वापरायची तर वस्त्रगाळ करून तीवरून लोहचुंबक फिरवावा, नाहीतर लोहकण मोटारीत शिरतात.

रंगाचे पोपडे दाखवायला मीठच कामी येतं. गंजाच्या रंगावर ओलसर मिठाचे खडे चिकटवायचे, वरून इंजिनाचा रंग फवारायचा, सुकल्यावर मीठ खरवडायचं. विजेच्या इंजिनाची जात निराळी: पांढऱ्या 'डब्ल्यूएपी-७'चं छप्पर पँटोग्राफच्या कार्बनपट्टीच्या भुकटीने काळवंडतं, तेवढंच काळं करावं. सगळीकडे सारखा मळ फासणं ही या छंदातली सर्वांत मोठी चूक आहे.

कॅलिफोर्नियाच्या मॉडेलकार जॉन अॅलनने 'गोर अँड डॅफिटिड' या मांडणीत मळक्या, वापरलेल्या गाड्यांना प्रतिष्ठा दिली. १९७३ साली तो गेला आणि काही दिवसांतच मांडणी आगीत जळाली. मराठी मुलखात पुण्याच्या कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८पासून लोकांसाठी खुलं आहे. धावत्या लघुगाड्या तिथे पाहता येतात. नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात खरी इंजिनं हाताच्या अंतरावरून न्याहाळता येतात. त्यांच्यावरून रिव्हेट आणि नळ्या टिपाव्यात. मळासाठी मात्र ती उपयोगाची नाहीत, कारण संग्रहालयातली इंजिनं पुन्हा रंगवून ठेवलेली असतात.

मळाचा खरा पुरावा धावत्या काळातल्या फोटोंत आहे. मलकापूर, नांदुरा, जलंब, खामगाव स्टेशनांवरचे जुने रंगीत फोटो ज्यांच्या घरी असतील, त्यांनी ते स्कॅन करावेत आणि मागे साल व स्टेशनचं नाव लिहून ठेवावं.