कोपऱ्यातली पोरे

गेल्या दिवाळीत मी वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या आसेगावी गेलो होतो. ओसरीवर बसलेली, ऐंशीच्या घरातली माझी आत्या कोपऱ्यातल्या कणगीकडे बोट दाखवून म्हणाली, "आरे, ते पोरं कवाचे उपाशी बसले हायेत. त्याहिले भाकर दे ना!"

कणगीपाशी कोणीच नव्हते.

घरात कुजबूज चालू होती. कोणी म्हणे बाहेरचे आहे, कोणी म्हणे म्हातारचळ. भगताला निरोपही गेला होता. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. पण एक साधा प्रश्न सुचला : ही पोरे केव्हापासून दिसू लागली? वहिनीने हिशेब केला. हातांच्या कापऱ्यावर नवी गोळी सुरू झाली, त्याच पंधरवड्यात!

दुसऱ्या दिवशी घरातल्या साऱ्या गोळ्या पिशवीत भरल्या आणि आत्याला घेऊन वाशीम गाठले. डॉक्टरीणबाईंनी एकेक पाकीट पाहिले. नवी गोळी ट्रायहेक्सिफेनिडिलची निघाली. कंपवातावरचे हे जुने औषध मेंदूतल्या अॅसिटिलकोलीन या द्रव्याचे काम अडवते. "तुमच्या उकिरड्यावरचा धोतरा तरी दुसरे काय करतो?" बाई म्हणाल्या. म्हातारपणी मूत्रपिंडे मंदावतात, औषध अंगात रेंगाळते. तरुणाला सोसणारी मात्रा वृद्धाला भ्रमात टाकते. कंपवातावरच्या लेवोडोपानेही असे भास होतात, आणि ते द्रव्य आपल्या खाजकुहिलीच्या बियांतही असते. सर्दीच्या नि झोपेच्या काही गोळ्यादेखील याच पंक्तीतल्या. अमेरिकेत डॉ. मार्क बियर्स यांनी १९९१ साली वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादीच केली. ती आजही सुधारून वापरली जाते.

मी म्हणालो, "मग आजच बंद करू!" बाईंनी हात वर केला. एकदम बंद केल्यास अंग ताठरते, प्रकृती बिघडते. मात्रा उतरवायची ती डॉक्टरांच्या सांगण्यानेच. शिवाय लघवीतला जंतुसंसर्ग किंवा रक्तातले मीठ घटणे, यांनीही भास होतात. म्हणून तपासण्याही केल्या.

तीन आठवड्यांत कोपरा रिकामा झाला. भगताचा निरोप केव्हाच परत गेला होता. वाचकहो, आपल्या घरच्या म्हाताऱ्यांना नसलेले काही दिसू लागले, तर आधी औषधांची पिशवी उघडा.

निघताना आत्याच्या पाया पडलो, तेव्हा तिने हळूच विचारले, "पोरं गेले म्हनतेस, पन त्याहिले उपाशी तं नाही ना धाडलं?"