दाण्याच्या थाळीतला आजार

नाताळच्या कडाक्यात ब्रिटनमध्ये अनेक घरांच्या परसात पक्ष्यांसाठी दाणे ठेवतात. लांबलचक रात्रीत इवल्या पक्ष्याची चरबी जळते. सकाळचा दाणा त्याला जगवतो. तोच दाणा कधी जीवही घेतो. २००५ पासून ‘ट्रायकोमोनास गॅलिनी’ या एकपेशीय परजीवीने तेथील ग्रीनफिंच पक्षी मोठ्या संख्येने मारले. घसा सुजतो, गिळवत नाही, लाळेने भिजलेला दाणा थाळीत पडतो आणि दुसरा पक्षी तो टिपतो. हा परजीवी माणसाला बाधत नाही. विष्ठेतला साल्मोनेला मात्र बाधू शकतो. म्हणून थाळी दर आठवड्याला घासून, पूर्ण वाळवावी. कोरड्यात परजीवी टिकत नाही. लेकीकडे गेलेल्या आजी-आजोबांनी खारट फरसाण तर टाकूच नये. पिसे फुगवून सुस्त बसलेला पक्षी दिसला, तर निदान दोन आठवडे दाणा बंद ठेवावा, बाहेर बर्फ असला तरी.