कापसाच्या मुलखातला बी. बी. किंग

इंडियानोला (मिसिसिपी), अमेरिका

मेंफिस शहर सोडून दक्षिणेकडे गाडी लागली की तासाभरात जमीन सपाट होत जाते, ती इतकी की मैलभर लांबचा ट्रॅक्टर माणसाच्या नजरेत भरतो. या पट्ट्याला सगळे ‘डेल्टा’ म्हणतात, पण समुद्र इथून कित्येकशे किलोमीटर दूर आहे. मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांनी हजारो वर्षं पुराबरोबर आणून टाकलेला हा गाळ. शहादा-तळोद्याच्या शेतकऱ्यानं इथली माती मुठीत घेतली तर त्याला ती परकी वाटणार नाही. कापूसही ओळखीचा वाटेल. नजर अडवायला सातपुडा मात्र कुठेच नाही.

या पट्ट्यातलं इंडियानोला हे तालुक्याच्या ठिकाणाएवढं गाव. अमेरिकेच्या नकाशावर त्याला ठळक जागा आहे ती एका गिटारवाल्यामुळे. रायली बी. किंग, म्हणजे जगाचा बी. बी. किंग, १६ सप्टेंबर १९२५ रोजी इथून जवळच्या बर्क्लेअर वस्तीत जन्मला. १४ मे २०१५ रोजी लास व्हेगासला वारला आणि परत इथेच आणून पुरला गेला. मी त्याच्या संगीतासाठी आलो होतो. पण अमेरिकेचा हा कोपरा समजून घेतल्याशिवाय ते संगीत अर्धंच ऐकू येतं, असं आता वाटतं. म्हणून आधी शेतीचं सांगतो.

१८६५ साली गुलामगिरी कायद्यानं संपली, पण जमीन गोऱ्यांचीच राहिली. सुटलेल्या काळ्या कुटुंबांनी मग बटाईनं कापूस करायला घेतला. बियाणं, अवजारं, खेचर, पीठमीठ सारं मालकाच्या दुकानातून उधारीवर. वर्षअखेरीला हिशेब व्हायचा आणि वही मालकाच्या हातात असायची. बहुतेक वेळा बटाईदाराच्या नावावर देणंच निघे, आणि देणं असेपर्यंत मळा सोडायची सोय नसे. सालदारी आणि सावकारी ज्यांनी घरात पाहिली आहे त्यांना यापुढचं वर्णन करून सांगायला नको.

किंगचं लहानपण याच वहीखाली गेलं. आई तो नऊ-दहा वर्षांचा असताना गेली, पुढे आजीही गेली. कापूस वेचत, खेचरामागे नांगर धरत आणि नंतर ट्रॅक्टर चालवत तो वाढला. पहिली गिटार त्यानं सुमारे १५ डॉलरला घेतली, तीही मालकाकडून उचल घेऊन. शनिवारी संध्याकाळी तो इंडियानोलाच्या चौकात बसून वाजवायचा. त्यानं पुढे अनेकदा सांगितलेली गोष्ट अशी : देवाची गाणी म्हटली की लोक पाठीवर थाप मारून पुढे जायचे, ब्लूज, म्हणजे काळ्या मजुरांची सुखदुःखाची गाणी, म्हटली की तीच माणसं थांबायची आणि नाणं टाकायची. आठवडाभराच्या मजुरीपेक्षा चौकातली दौलतजादा जास्त भरू लागली, तेव्हा पोराचा निर्णय झाला.

१९४६ साली त्याच्या हातून मालकाच्या ट्रॅक्टरचा एक्झॉस्ट मोडला. मालकाच्या भीतीनं तो गिटार घेऊन थेट मेंफिसला पळाला. तिथे त्याच्या आईचा नातलग बुका व्हाइट होता, बोटात धातूची नळी घालून ती तारेवर घसरवत वाजवणारा नामांकित वादक. किंगला ती नळी काही केल्या जमेना. नळीतून निघणारा तो थरथरता, लांबत जाणारा स्वर त्याला हवा तर होता. मग त्यानं तो उघड्या बोटानं काढायचा ठरवला, आणि त्याची सारी शैली या अडचणीतून उभी राहिली.

हात कसा चालतो ते नीट पाहण्यासारखं आहे. तार दाबणाऱ्या बोटावर सगळा भार देऊन तो अंगठा गिटारच्या दांडीवरून सोडतो, आणि मनगट दोन्ही बाजूंना भराभर हलवतो. पंजा पाखराच्या पंखासारखा फडफडतो आणि स्वर जिवंत होतो. सतारीवर पडद्यावरची तार आडवी ओढून आपण मींड घेतो; किंग गिटारवर तेच करतो. त्याचा लाडका स्वर तर कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या फटीत बसतो. पियानोवर ती जागाच नाही. तार ओढूनच तिथे जावं लागतं, आणि किती ओढायची हे फक्त कानाला कळतं. किंगचा कान इतका पक्का होता की एक स्वर लागताच लोक त्याला ओळखत.

दुसरी गंमत म्हणजे त्याला गाता गाता वाजवता येत नसे. हे तो स्वतःच सांगे. एक ओळ गायची, थांबायचं, मग गिटारनं उत्तर द्यायचं. कमी स्वर, मध्ये भरपूर रिकामी जागा. आजकाल गिटारवर मिनिटाला शेकडो स्वर सोडणारी मुलं गल्लोगल्ली आहेत. किंगच्या चार स्वरांसमोर ती दमलेली वाटतात, कारण त्याच्या वादनात पुढचा स्वर कधी येणार याची वाट पाहायला लावण्याची ताकद आहे. ठुमरी गाणारा एखादा जाणता गवई समेच्या आधी जी उसंत घेतो, ती ज्यांना आवडते त्यांना किंग पहिल्या ऐकण्यातच आवडेल.

गिटारचं नाव ल्युसिल. १९४९ च्या हिवाळ्यात आर्कान्सातल्या ट्विस्ट गावी तो वाजवत होता. ऊब यावी म्हणून मध्ये पिंपात रॉकेल पेटवलेलं. दोन माणसं भांडता भांडता त्यावर पडली आणि इमारतीनं पेट घेतला. बाहेर पळालेला किंग गिटार आत राहिली म्हणून आगीत परत शिरला आणि थोडक्यात वाचला. भांडण ल्युसिल नावाच्या बाईवरून होतं हे दुसऱ्या दिवशी कळलं. पुन्हा असा वेडेपणा करायचा नाही याची आठवण म्हणून त्यानं गिटारला ते नाव दिलं, आणि पुढच्या प्रत्येक गिटारला तेच चालू ठेवलं. पोकळ गिटार मोठ्या आवाजात शिट्टी मारते म्हणून तो तिच्या भोकांत चिंध्या कोंबत असे. १९८० साली गिब्सन कंपनीनं त्याच्या नावाची जी ल्युसिल काढली तिला मग ती भोकंच ठेवली नाहीत.

आता त्याच्या मैफलींविषयी. १९५६ या एका वर्षात त्यानं ३४२ कार्यक्रम केले. हा आकडा मी दोनदा वाचला, मग एकदा हिशेब करून पाहिला : घरी राहायला उरले २४ दिवस. त्या काळात दक्षिणेत काळ्या कलावंताला गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नव्हती, जेवणही मागच्या दारानं. काळ्या वस्त्यांमधली थिएटरं, नाचघरं आणि क्लब यांची एक साखळीच होती. बसमध्ये झोपायचं, पुढच्या गावी उतरायचं आणि वाजवायचं.

या साखळीचं फळ ऐकायचं असेल तर २१ नोव्हेंबर १९६४ रोजी शिकागोच्या रीगल थिएटरात ध्वनिमुद्रित झालेली ‘लाइव्ह ॲट द रीगल’ ऐकावी. जेमतेम ३५ मिनिटांची तबकडी. त्यात किंगइतकेच श्रोते गातात. बायकोच्या कृतघ्नपणाची तक्रार करत तो एकेक ओळ वर चढवत नेतो, आणि शेवटच्या तक्रारीला अख्खं थिएटर किंचाळून उठतं. मी ती आरोळी आधी नुसती दाद समजून ऐकत होतो. इथे आल्यावर तिचा पत्ता लागला. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख काळी माणसं दक्षिण सोडून उत्तरेच्या शहरांत गेली. मिसिसिपीतली माणसं रेल्वेनं सरळ शिकागोला उतरत. रीगलमध्ये बसलेल्यांत डेल्टातून उठून गेलेली कुटुंबं भरपूर होती. शिकागोच्या गिरण्यांत आणि खाटीकखान्यांत राबणाऱ्या या लोकांसमोर त्यांच्याच शिवारातला पोरगा सूट घालून उभा होता.

गोऱ्या अमेरिकेनं त्याला ऐकलं ते बऱ्याच उशिरा. साठच्या दशकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात लांब केसांची गोरी पोरं पाहून त्याला वाटलं, आपण चुकीच्या दारात आलो. नाव पुकारताच ती सगळी उभी राहिली. एक स्वरही वाजवण्याआधी मिळालेल्या त्या मानानं तो रडला. १९७० साली शिकागोच्या कुक काउंटी तुरुंगात त्यानं कैद्यांसाठी वाजवलं. त्या मुद्रणात सुरुवातीला शेरिफचं नाव घेतल्याबरोबर कैदी हुर्यो उडवतात, आणि ती हुर्यो तबकडीवर तशीच ठेवली आहे. अमेरिकेची एक बाजू मला त्या काही सेकंदांत कळली.

हे सारं ऐकत असताना आपल्याकडचं, धरणात बुडालेलं मणिबेली डोक्यातून जात नव्हतं. ओघ नदीमुळे लागला. २१ एप्रिल १९२७ रोजी इथून जवळच, ग्रीनव्हिलच्या वरच्या अंगाला, मिसिसिपीचा बांध फुटला. त्या वर्षीच्या पुरानं सहा लाखांहून अधिक लोक बेघर झाले. ग्रीनव्हिलला हजारो काळे मजूर बांधाच्या माथ्यावर अडकले होते. त्यांना न्यायला आगबोटी आल्या. पण मजूर एकदा गेले तर कापसाला परत येणार नाहीत, या धास्तीनं मळेवाल्यांनी त्यांना जाऊ दिलं नाही. त्याच बांधावर त्यांच्याकडून मदतीचा माल उतरवून घेतला. दोन वर्षांनी डेल्टातल्याच चार्ली पॅटन या ब्लूजवाल्यानं त्या पुरावर ‘हाय वॉटर एव्हरीव्हेअर’ हे गाणं दोन भागांत मुद्रित केलं.

मणिबेलीत पाणी बांध फुटून आलं नाही, धरण उभं राहिलं म्हणून चढत आलं. अक्कलकुवा तालुक्यातलं हे तडवी-वसाव्यांचं गाव सरदार सरोवराच्या बुडितात येणारं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. १९९१ पासून पावसाळ्या-पावसाळ्याला तिथे सत्याग्रह झाले. शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर पाण्याखाली गेलं, काही कुटुंबं गुजरातेत परवेट्याला वसवली गेली, काही डोंगरावर सरकून राहिली. १९९४ साली जागतिक बँकेनं मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवावं, अशी मागणी जगभरच्या संघटनांनी केली. तिला नाव दिलं ‘मणिबेली जाहीरनामा’. गाव बुडालं आणि त्याचं नाव वॉशिंग्टनला पोहोचलं.

मग मणिबेलीचा बी. बी. किंग कुठे आहे? हा प्रश्न मला इथल्या एका संध्याकाळी पडला, आणि तो विचारण्यातच खोट आहे हेही लगेच लक्षात आलं. दुःखातून आपोआप थोर संगीत झरतं, अशी एक गोड समजूत आपण सगळे बाळगतो. डेल्टात दुःखाला तोटा नव्हता; त्याच दुःखात लाखो माणसं काहीही न वाजवता मेली. किंग घडला तो वेगळ्या गोष्टींनी. चौकात नाणं टाकणारे श्रोते होते. मेंफिसला डब्ल्यूडीआयए या रेडिओ केंद्रानं त्याला निवेदकाची नोकरी दिली. ‘थ्री ओ’क्लॉक ब्लूज’ची तबकडी १९५२ साली खपाच्या यादीत पहिली आली. काळ्या वस्त्यांतले क्लब रात्रीमागून रात्री बिदागी देत होते. या सगळ्यावर त्याची स्वतःची अफाट मेहनत. दुःखानं विषय पुरवला. हात तयार केला तो कामानं.

आणि वादक सातपुड्यात नाहीत असं कोण म्हणेल? काठीच्या राजवाडी होळीला रात्रभर मोठे ढोल घुमतात, मोरपिसांचे टोप घातलेले बावा-बुध्या नाचतात, पहाटे होळी पेटते. तो ढोल तासन्‌तास एका वजनात धरणारा माणूस कसबी आहे, कोणत्याही ब्लूजवाल्याच्या बरोबरीला बसेल असा. पण दुसऱ्या दिवशीच्या बातमीत तो ‘आदिवासी बांधव’ असतो. छायाचित्र छापून येतं, नाव येत नाही. मुंबईत २०११ साली मेहबूब स्टुडिओत ब्लूजचा महोत्सव सुरू झाला आणि शिकागोचा बडी गाय तिथे वाजवून गेला, तेव्हा त्याचं नाव, त्याच्या गिटारचं मॉडेल, तो कोणाकडे शिकला, सगळं छापून आलं होतं. ते योग्यच होतं. हाच न्याय काठीला लावायला काय हरकत आहे?

इंडियानोलाही साधुसंतांचं गाव नाही. शाळांमध्ये काळी-गोरी मुलं एकत्र बसू नयेत म्हणून गोऱ्यांची ‘सिटिझन्स कौन्सिल’ १९५४ साली स्थापन झाली ती याच गावात. १९६२ साली मळ्यावर राबणाऱ्या काळ्या बटाईदार फॅनी लू हेमर मतदार म्हणून नाव नोंदवायला याच गावच्या कोर्टात आल्या, आणि त्याची शिक्षा म्हणून त्यांना मळ्यावरून हाकललं गेलं. त्याच गावानं २००८ च्या सप्टेंबरात, किंगच्या ८३व्या वाढदिवसाच्या तोंडावर, त्याच्या नावानं संग्रहालय उघडलं. कापसाच्या ज्या विटांच्या जिनमध्ये तो एकेकाळी राबला, तीच इमारत त्यात सामावून घेतली. बटाईची वही, वेगळे नळ, वेगळी दारं हे सगळं आत मांडलेलं आहे. पर्यटक येतात, गावात चार पैसे खेळतात. रस्त्याच्या पलीकडची गरिबी मात्र तिकिटाच्या पैशानं हटलेली नाही. अमेरिका आपल्या अपराधाचंही प्रदर्शन मांडू शकते आणि ते पाहून निवांत घरीही जाऊ शकते. तिचं कौतुक करताना हे दोन्ही ध्यानात ठेवावं.

किंग मात्र गावाशी हिशेबानं वागला नाही. दरवर्षी उन्हाळ्यात तो येई, दिवसा बागेत गावासाठी वाजवी आणि रात्री गावातल्याच ‘क्लब इबनी’त बसे. तो क्लब पुढे त्यानं विकत घेऊन संग्रहालयाला देऊन टाकला.

नंदुरबारच्या वाचकांना इथून एवढंच सुचवतो. संग्रहालयाची घाई नको. इंडियानोलाला ते सुचायला किंगची ८३ वर्षं जावी लागली. होळी तर दर फाल्गुनात येते. या वेळी ढोल कोणी मढवला, कोणी वाजवला, कोणाकडून शिकला हे विचारून नावानिशी लिहा, चांगल्या यंत्रावर मुद्रित करा, आणि बिदागी कार्यक्रमाआधी हातात द्या.